सर्व्हिस क्लाउडच्या क्यू : केस कुणाकडे जाते, आणि कुठे अडकते

सेल्सफोर्सचं सर्व्हिस क्लाउड म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी हाताळायचं सॉफ्टवेअर. प्रत्येक तक्रारीची नोंद म्हणजे केस, आणि क्यू म्हणजे टीमची सामायिक रांग. त्याचा डेमो पाहताना क्यू हा विषय दोन मिनिटांत उरकतात. सेटअपमध्ये जा, नाव द्या, माणसं टाका, सेव्ह करा, झालं. पुढे सपोर्ट टीमच्या ज्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच मात्र इथल्याच असतात. केस कुणी उचललीच नाही, एकाच एजंटच्या डोक्यावर सगळ्या आल्या, बंद झालेली केस पुन्हा उघडली आणि रजेवरच्या माणसाच्या नावावर पडून राहिली. म्हणून या परीक्षणात क्यू, असाइनमेंट रूल (केस कुठल्या क्यूत जाईल ते ठरवणारा नियम) आणि ऑम्नी-चॅनल (केस आपोआप एजंटकडे पाठवणारी सोय) एवढ्यालाच हात घातला आहे. बॉट, नॉलेज, एआय यांचा इथे संबंध नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. क्यू हा भाग साधा आणि पक्का आहे. असाइनमेंट रूल दिसायला जुनाट, पण भरवशाचे. ऑम्नी-चॅनल ताकदीचं आहे, मात्र एखादं सेटिंग चुकलं तर काहीही एरर न दाखवता काम बिघडवतं. आणि केस क्यूत टाकली म्हणजे केसचं वाटप झालं, ही समजूत या तिन्हीतल्या गोंधळाच्या मुळाशी आहे.

क्यू ही मालक आहे

सर्व्हिस क्लाउडमध्ये प्रत्येक केसला ओनर असावाच लागतो, आणि तो एक तर माणूस असतो नाही तर क्यू. ओनरच्या आयडीवरूनच ते कळतं : ००५ ने सुरू होणारा आयडी माणसाचा, ००जी ने सुरू होणारा क्यूचा. म्हणजे केस क्यूत असते तेव्हा तिची मालकी कुठल्याच माणसाकडे नसते. एजंटने ती घेतली की मालकी बदलते आणि ती क्यूतून बाहेर पडते. एका वेळी एक केस दोन क्यूत असूच शकत नाही.

इतर सॉफ्टवेअरमध्ये हे वेगळं चालतं. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ मध्ये क्यूत केस जात नाही, तिच्यासाठी वेगळं ‘क्यू आयटम’ तयार होतं. केसचा ओनर एक आणि त्या आयटमवर काम करणारा दुसरा, असं तिथे सहज होऊ शकतं. लवचिकता जास्त, पण केस नक्की कुणाची हा वादही जास्त. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमधली क्यू म्हणजे तर नुसता जतन केलेला फिल्टर. एकच टिकीट तीन क्यूंमध्ये दिसतं आणि क्यू बदलायची तर टिकिटावरची माहिती बदलावी लागते. दहाजणांच्या आयटी हेल्पडेस्कला ते छान चालतं. बाहेरच्या ग्राहकांच्या तक्रारी आणि त्यावर उत्तराची मुदत, असा मामला असेल तर सेल्सफोर्सची पद्धत जास्त बरी वाटते. कुठलीही केस कुणाच्या तरी नावावर असतेच, आणि ‘ओनर अजूनही क्यू आहे’ एवढा एकच फिल्टर लावून न उचललेल्या सगळ्या केस समोर येतात.

क्यू तयार करताना

सेटअपमध्ये ‘क्यूज’ शोधून ‘न्यू’ दाबायचं. लेबल, क्यूचं नाव, क्यूचा ईमेल, सदस्यांना ईमेल पाठवायचा की नाही याची खूण, कुठली ऑब्जेक्ट, म्हणजे कुठल्या प्रकारच्या नोंदी, चालतील (इथे केस) आणि सदस्य. बस, एवढाच फॉर्म आहे. पण यातल्या दोन चौकटींकडे नीट लक्ष द्यायला हवं.

पहिली सदस्यांची. इथे एकेक माणूस टाकता येतो, रोल (हुद्दा) टाकता येतो, पब्लिक ग्रुपही (माणसांचा गट) टाकता येतो. एकेक माणूस टाकू नका. माणसं शिफ्ट बदलतात, टीम बदलतात, नोकरी सोडतात, आणि बारा क्यूंमध्ये जाऊन एकेकाचं नाव काढायला कुणालाही वेळ नसतो. ‘बिलिंग – सकाळ’, ‘बिलिंग – रात्र’ असे पब्लिक ग्रुप करा आणि क्यूला ग्रुप जोडा. सँडबॉक्समधून (चाचणीची प्रत) प्रॉडक्शनमध्ये (रोजच्या वापरातली सिस्टीम) क्यू हलवतानाही याचा फायदा होतो. सँडबॉक्समध्ये प्रत्येक युजरनेमच्या शेवटी सँडबॉक्सचं नाव चिकटलेलं असतं, त्यामुळे माणसांची नावं घेऊन गेलेली क्यू डिप्लॉय करताना अडते.

याच जागी शेअरिंगचं गणितही बघून घ्या. केसचं ऑर्ग-वाइड डिफॉल्ट (कुणाची केस कुणाला दिसावी याचं कंपनीभराचं मूळ सेटिंग) ‘पब्लिक रीड/राइट/ट्रान्सफर’ असेल तर क्यूचे सदस्य ठरवण्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण कुणीही कुठलीही केस घेऊ शकतो. डिफॉल्ट ‘प्रायव्हेट’ असेल तर क्यूतली केस सदस्यांना आणि रोलच्या उतरंडीत त्यांच्या वर बसलेल्यांना दिसते. मग एखादा एजंट केस दुसऱ्या क्यूत टाकतो आणि पुढच्या क्षणी ती केस त्याला स्वतःलाच उघडत नाही. हा बिघाड नाही. तो त्या क्यूचा सदस्य नाही, एवढंच. ग्राहकाने फोन करून ‘माझ्या तक्रारीचं काय झालं’ विचारल्यावर एजंटला काहीच दिसू नये हे मात्र परवडणारं नाही. अशा टीमसाठी निदान वाचण्यापुरता शेअरिंग रूल लावावाच लागतो.

दुसरी चौकट ईमेलची. क्यूचा ईमेल रिकामा ठेवला तर सूचना प्रत्येक सदस्याला वेगवेगळी जाते. ईमेल भरला तर फक्त त्या पत्त्यावर जाते, आणि सदस्यांना पाठवण्याची खूणही केली तर दोन्हीकडे. चाळीस सदस्यांच्या क्यूत दिवसाला दोनशे केस येत असतील तर आठ हजार मेल झाले. तीन दिवसांत सगळेजण त्यांना इनबॉक्समध्ये रूल लावून कचऱ्यात टाकायला लागतात, आणि मग खरी महत्त्वाची सूचनाही त्यातच जाते.

याहून वाईट चूक म्हणजे क्यूचा ईमेल म्हणून ईमेल-टू-केसचाच पत्ता देणं, म्हणजे ज्यावर आलेल्या मेलची आपोआप केस होते तोच. केस आली, क्यूत गेली, सूचनेचा मेल त्याच पत्त्यावर गेला, त्या मेलची नवी केस झाली, ती क्यूत गेली. पुढचं सांगायला नको. सपोर्टचा सार्वजनिक पत्ता आणि टीमचा अंतर्गत पत्ता कायम वेगळे ठेवा.

यादीतून उचलणं आणि निवडून उचलणं

क्यू तयार झाली की त्याच नावाची लिस्ट व्ह्यू आपोआप तयार होते. एजंट ती उघडतो, हव्या त्या केससमोर खूण करतो, ‘ॲक्सेप्ट’ दाबतो, आणि केस त्याच्या नावावर. ‘ॲक्सेप्ट’चं बटण क्यूच्याच यादीत मिळतं. ‘सगळ्या उघड्या केस’ अशी स्वतः केलेली यादी उघडून बटण शोधणारे नवे एजंट दर महिन्याला भेटतात.

ही आयती यादी जशीच्या तशी वापरू नका. उघडल्याची तारीख-वेळ, प्राधान्य, स्थिती, विषय आणि खातं एवढे रकाने ठेवा आणि सगळ्यात जुनी केस वर येईल अशी मांडणी करा. यादी अधूनमधून रिफ्रेश करत राहा. नाही तर समोर उघडी राहिलेली यादी शिळी होते आणि दोघेजण एकाच केसवर झडप घालतात.

एवढं करूनही एक प्रश्न उरतोच. माणूस सोपी केस आधी उचलतो. पासवर्ड रीसेट पाच मिनिटांत सुटतो आणि महिन्याच्या आकड्यात तोही एक, दोन विभागांत अडकलेला परताव्याचा घोळही एकच. ज्या टीममध्ये बंद केलेल्या केसची संख्या हाच कामाचा माप आहे, तिथे अवघड केस क्यूच्या तळाशी साचणारच. सेल्सफोर्सची साधी क्यू याला काहीही आळा घालत नाही. वरून पहिलीच केस घ्या, अशी सक्ती करणारं सेटिंग तिच्यात नाही. पाच-सहाजणांची टीम असेल आणि टीम लीडचं यादीवर लक्ष असेल तर चालून जातं. त्यापुढे ऑम्नी-चॅनलकडे वळावंच लागतं.

किती क्यू हव्यात?

जितक्या वाटतात त्याहून कमी. हा सल्ला हवेतला नाही, त्यामागे गणित आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर एर्लांग यांनी १९०९ साली फोन एक्स्चेंजसाठी ज्या हिशोबाला सुरुवात केली, तोच आजही कॉल सेंटरमध्ये चालतो.

एक उदाहरण घ्या. दोन एजंट, प्रत्येकाची स्वतंत्र क्यू. प्रत्येक क्यूत तासाला सरासरी ५ केस येतात आणि एक एजंट तासाला सरासरी ६ केस सोडवतो. येण्याच्या आणि सुटण्याच्या वेळा नेहमीसारख्या अनियमित धरल्या तर एका केसला हात लागेपर्यंत सरासरी ५० मिनिटं जातात. आता तेच दोघे, तेच काम, पण क्यू एकच करा. थांबण्याचा वेळ येतो सुमारे २३ मिनिटांवर. एकही माणूस न वाढवता निम्म्याहून कमी. कारण उघड आहे : वेगळ्या क्यूंमध्ये एकाकडे केस तुंबलेल्या असताना दुसरा मोकळा बसलेला असू शकतो. बँकेत प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावण्याऐवजी टोकन दिली की जे होतं, तेच.

म्हणून क्यू प्रॉडक्टप्रमाणे, शहराप्रमाणे, ग्राहकाच्या दर्जाप्रमाणे अशी तोडत जाऊ नका. एकच कसोटी लावा : या क्यूतली केस त्या क्यूतल्या माणसाला सोडवता येते का? येत असेल तर क्यू एकच, आणि फरक दाखवायला केसवर फील्ड आहेतच. येत नसेल, म्हणजे भाषा वेगळी, परवानगी वेगळी किंवा कौशल्य वेगळं असेल, तरच नवी क्यू. मराठी आणि कन्नड ग्राहकांसाठी वेगळ्या क्यू समजण्यासारख्या आहेत. ‘पुणे’ आणि ‘नाशिक’ अशा वेगळ्या क्यू, दोन्हीकडे तीच माणसं उत्तर देत असतील तर, नुसता उशीर वाढवतात.

असाइनमेंट रूल : पहिला जुळला की बाकीचे संपले

केस कुठल्या क्यूत जाईल हे असाइनमेंट रूल ठरवतो. एका वेळी केससाठी एकच रूल चालू असू शकतो, पण त्या रूलमध्ये नोंदी पुष्कळ. प्रत्येक नोंदीला क्रमांक, अटी आणि कुठे पाठवायचं ते. वरून खाली तपासत जातो, पहिली नोंद जुळली की तिथेच थांबतो.

त्यामुळे क्रमाला फार महत्त्व. नेमक्या अटी वर, ढोबळ अटी खाली. ‘ओरिजिन (केस कुठून आली ते) ईमेल असेल तर जनरल क्यू’ ही नोंद दुसऱ्या क्रमांकावर आणि ‘विषयात परतावा असेल तर बिलिंग’ ही सहाव्यावर असेल, तर मेलने आलेला एकही परतावा बिलिंगकडे पोचणार नाही. शेवटची नोंद मुद्दाम विनाअट ठेवा आणि ती ‘छाननी’ अशा क्यूकडे पाठवा. ती नसेल तर न जुळलेली वेब-केस (वेबसाइटच्या फॉर्ममधून आलेली) सपोर्ट सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट ओनरकडे जाते. तो बहुतेक ठिकाणी ज्या ॲडमिनने सुरुवातीला सिस्टीम उभी केली तोच असतो, आणि त्याला याची गंधवार्ताही नसते. मेलच्या केससाठी त्या-त्या रूटिंग पत्त्यावर (ज्यावर मेल येतात तो पत्ता) ओनर नेमलेला असतो, तोही तपासून घ्या.

विषयातल्या शब्दांवर रूल लावणार असाल तर मराठी लिहिणाऱ्यांच्या सवयी लक्षात घ्या. एकच मागणी ‘परतावा’, ‘रिफंड’, ‘रीफंड’, ‘पैसे परत’, आणि रोमन लिपीत आणखी चार तऱ्हांनी येते. अटीच्या चौकटीत स्वल्पविराम देऊन हे सगळे एकत्र लिहिता येतात, तेव्हा त्यातला कुठलाही जुळला तरी चालतो. पण मेलच्या विषयावर विसंबणं मुळातच कच्चं. लोक जुन्याच मेलला उत्तर देऊन नवी तक्रार लिहितात. वेब फॉर्मवर ‘तक्रारीचा प्रकार’ अशी निवडयादी देऊन त्यावर रूल लावणं केव्हाही पक्कं. वेब-टू-केसची मर्यादा २४ तासांत ५,००० केसची आहे, त्यापुढच्या विनंत्या वेगळ्या थांबवून ठेवल्या जातात. सेल किंवा निकालाच्या दिवशी ज्यांच्याकडे लोंढा येतो त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

रूल चालला नाही अशी तक्रार आली की आधी केस आली कुठून ते पाहा. वेब आणि मेलच्या केसवर रूल आपोआप चालतो. एजंटने हाताने केस केली तर ‘चालू असाइनमेंट रूल वापरा’ ही खूण लागते. ती पेज लेआउटमध्ये दाखवता येते आणि आधीपासून केलेलीही ठेवता येते. पण कायमची चालू ठेवण्याआधी विचार करा, कारण जुनी केस एडिट करून सेव्ह करतानाही रूल पुन्हा चालू शकतो आणि एजंटच्या हातातली केस परत क्यूत जाऊन पडते. रेस्ट एपीआयमधून (दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून) आलेल्या केसवर हेडर न दिल्यास रूल चालतो, ॲपेक्समध्ये (सेल्सफोर्सची प्रोग्रामिंग भाषा) डीएमएल ऑप्शनमध्ये सांगितल्याशिवाय चालत नाही. फ्लोमधून (सेल्सफोर्समध्ये आखून दिलेली, आपोआप चालणारी कामांची साखळी) तयार केलेल्या केसवरही आपसूक चालत नाही. डेटा लोडरमध्ये (एकदम पुष्कळ नोंदी भरायचं साधन) रूलचा आयडी सेटिंगमध्ये भरावा लागतो.

आणखी एक गोंधळ फ्लो आणि रूल यांच्यातला. सेव्ह होण्याआधी चालणाऱ्या फ्लोने ओनर ठरवला तर नंतर येणारा असाइनमेंट रूल तो पुसून स्वतःचा लावतो. सेव्ह झाल्यानंतरचा फ्लो मात्र रूलच्याही नंतर येतो, म्हणजे तिथे फ्लोचा शब्द शेवटचा. दोन्हीकडून ओनर बदलायचा प्रयत्न झाला की केस आधी एका क्यूत, लगेच दुसऱ्या क्यूत, आणि इतिहासात दोन नोंदी. ओनर ठरवण्याची जागा एकच ठेवा. फ्लो वापरणार असाल तर क्यूचा आयडी त्यात कोंबू नका. ग्रुप या ऑब्जेक्टमधून, प्रकार ‘क्यू’ आणि डेव्हलपर नेम देऊन तो शोधून घ्या, कारण नव्याने डिप्लॉय झालेल्या क्यूचा आयडी दर ऑर्गमध्ये (सेल्सफोर्सच्या प्रत्येक स्वतंत्र सिस्टीममध्ये) वेगळा असतो.

पुन्हा उघडलेली केस

या सगळ्या प्रॉडक्टमधली ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. ग्राहक तीन आठवड्यांनी जुन्याच मेलला उत्तर देतो, ‘अजून झालेलं नाही.’ मेल बरोबर त्याच बंद केसला जोडला जातो, पण नवी केस तयार होत नसल्याने असाइनमेंट रूल चालत नाही. केस बंदच राहते, ओनर तोच जुना एजंट. तो दुसऱ्या टीममध्ये गेला असेल किंवा त्याचं खातंच बंद केलेलं असेल तर ते उत्तर कुणीही वाचत नाही. ग्राहकाला मात्र वाटतं की कंपनी मुद्दाम टाळतेय.

यासाठी सेल्सफोर्सने तयार सेटिंग द्यायला हवं होतं. ते नसल्यामुळे फ्लो करावा लागतो. ईमेल मेसेज तयार झाल्यावर चालणारा, बाहेरून आलेला मेल असेल आणि केस बंद असेल तरच पुढे जाणारा. केसची स्थिती ‘पुन्हा उघडली’ करायची. ओनर सक्रिय असेल तर केस त्याच्याकडेच ठेवायची, कारण त्याला पूर्वपीठिका माहीत असते. नसेल तर क्यूत. ‘धन्यवाद’ एवढाच मेल आला तरी केस उघडते, ही याची किंमत. बंद होऊन ठरावीक दिवस उलटले असतील तर जुन्या केसला जोडून नवीच केस करणं हा दुसरा मार्ग. मुदतीचे अहवाल स्वच्छ ठेवायचे असतील तर आम्हाला तोच बरा वाटतो.

ऑम्नी-चॅनल : आता खरं वाटप

ऑम्नी-चॅनल २०१५ साली आलं आणि त्याने उलटा प्रवाह सुरू केला : एजंट केस उचलत नाही, केसच एजंटकडे ढकलली जाते. त्यासाठी क्यूला ‘रूटिंग कॉन्फिगरेशन’ जोडायचं. त्यात प्राधान्याचा आकडा (लहान आकडा आधी), वाटपाची पद्धत, एका केसचं वजन आणि एजंटने किती सेकंदांत स्वीकारायचं ते.

वाटपाच्या दोन पद्धतींतला फरक आकड्यांनी पटकन कळतो. सीनियरची क्षमता, म्हणजे एका वेळी पेलायचं वजन, १०, त्याच्याकडे ६ वजनाचं काम चालू. नव्या मुलीची क्षमता ५, तिच्याकडे ३. ‘लीस्ट ॲक्टिव्ह’ पद्धत कमी काम कुणाकडे ते बघते आणि पुढची केस नव्या मुलीला देते. ‘मोस्ट अव्हेलेबल’ उरलेली जागा बघते, ४ विरुद्ध २, आणि केस सीनियरला देते. सगळ्यांची क्षमता सारखी असेल तर निकाल एकच. शिकाऊ माणसं टीममध्ये असतील तर ‘मोस्ट अव्हेलेबल’ घ्या.

केस क्यूत दिसते, एजंट ऑनलाइन आहे, तरी केस पोचत नाही, हा नेहमीचा प्रश्न. तपासायचं ते असं. क्यूला रूटिंग कॉन्फिगरेशन खरंच जोडलंय का. एजंट त्या क्यूचा सदस्य आहे का. त्याने निवडलेल्या प्रेझेन्स स्टेटसमध्ये (मी कुठल्या कामासाठी हजर आहे हे दाखवणारी खूण) केसचं चॅनल आहे का, नुसतं चॅटचं नाही ना. त्याच्याकडे उरलेली क्षमता केसच्या वजनाएवढी तरी आहे का. २ शिल्लक असताना ३ वजनाची केस जाणार नाही. आणि शेवटचं, जे कुणालाच आठवत नाही : कॉन्फिगरेशन जोडण्याआधीपासून क्यूत असलेल्या केस ऑम्नी-चॅनल उचलत नाही. केसचा ओनर क्यू होण्याच्या क्षणी ती वाटपाच्या नोंदीत जाते. म्हणून गो-लाइव्हच्या दिवशी जुना बॅकलॉग दुसऱ्या क्यूत हलवून परत आणावा लागतो.

क्षमता कशी मोजायची यावर सगळं यश अवलंबून. टॅबवर आधारलेल्या पद्धतीत एजंटने केसचा टॅब बंद केला की क्षमता मोकळी झाली असं धरतात, केस सुटलेली असो वा नसो. चॅटसाठी ठीक आहे. ईमेलच्या केससाठी ही पद्धत म्हणजे आपत्ती : एजंट ग्राहकाच्या उत्तराची वाट बघत टॅब बंद करतो, लगेच नवी केस येते, संध्याकाळपर्यंत त्याच्या नावावर तीसेक अर्धवट केस. सर्व्हिस चॅनलमध्ये स्थितीवर आधारलेली पद्धत निवडा. कुठल्या स्थितीत केस क्षमता खाते आणि कुठल्या स्थितीत नाही हे तिथे ठरवता येतं. ‘ग्राहकाची वाट’ या स्थितीला क्षमता खाऊ देऊ नका, पण केस परत चालू स्थितीत आली की क्षमता तपासण्याची खूणही करा.

स्वीकारण्याची मुदत ठेवली आणि मुदत उलटल्यावर एजंटचं स्टेटस बदलण्याचं सेटिंग केलं नाही, तर चहाला गेलेल्या माणसाकडे केस जाते, परत येते, दुसरीही जाते. दोन्ही सेटिंग जोडीनेच करा. आपोआप स्वीकारण्याचं सेटिंग चालू असेल तर प्रश्न आणखी बिकट. केस त्याच्या नावावर बसते आणि ग्राहकाला उत्तर द्यायच्या मुदतीचं घड्याळ चालू राहतं.

प्राधान्याच्या आकड्यांतही एक सापळा आहे. १ नंबरच्या क्यूत केस असेपर्यंत २ नंबरच्या क्यूतली केस त्या एजंटला मिळत नाही. तीच माणसं दोन्ही क्यूंत असतील आणि पहिली क्यू दिवसभर भरलेली असेल, तर दुसरीतली केस दिवसभर तशीच. सगळ्या क्यूंना सारखं प्राधान्य देऊन केसवरच्या फील्डप्रमाणे दुय्यम प्राधान्य लावणं जास्त शहाणपणाचं. सकाळी शिफ्ट सुरू होताना रात्रीचा साचलेला माल पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्याच्या क्षमतेत भरतो, हेही ध्यानात ठेवून क्षमता बेताची ठेवा. नाही तर टीममध्ये कुणीच वेळेवर ऑनलाइन येणार नाही.

सुट्ट्या, घड्याळ आणि क्यू बंद करणं

एस्कलेशन रूल ठरावीक तासांनी न सुटलेली केस वरच्या क्यूत नेतो. तोही एका वेळी एकच चालू. त्याचे तास बिझनेस अवर्सवर मोजायला हवेत, नाही तर शनिवारी आलेली केस सोमवारी सकाळी आपोआप ‘उशीर’ ठरते. पुण्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकांना सेवा देणाऱ्यांनी बिझनेस अवर्स ग्राहकाच्या टाइम झोनमध्येच ठेवावेत. तिकडची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये एक तास सरकतात, आपली सरकत नाहीत. भारतीय वेळेत भरून ठेवलेले तास वर्षातून दोनदा चुकतात. सुट्ट्यांचंही तसंच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट दरवर्षी पुन्हा येणाऱ्या सुट्ट्या म्हणून एकदाच भरा. गणेश चतुर्थी, दिवाळी, ईद यांच्या तारखा बदलतात, त्या दरवर्षी नव्याने भराव्या लागतात. डिसेंबरच्या कामांच्या यादीत हे टाकून ठेवा.

क्यू नको झाली म्हणून थेट डिलीट करायला गेलात तर सिस्टीम नकार देते, कारण रूलमध्ये तिचं नाव असतं किंवा तिच्या नावावर केस असतात. आधी रूलमधल्या नोंदी दुसरीकडे वळवा, मग सदस्य काढा, मग केस हलवा, बंद झालेल्यासुद्धा. बंद झालेल्या केस क्यूच्या नावावर कशा? कुणी तरी ॲक्सेप्ट न करताच यादीतून थेट बंद केलेल्या असतात, आणि मग ते काम अहवालात कुणाच्याच खात्यात दिसत नाही. ओनरचा आयडी ००जी ने सुरू होत असेल तर केस बंद करू न देणारा व्हॅलिडेशन रूल पहिल्याच दिवशी लावा. स्पॅम आणि आपोआप बंद होणाऱ्या केससाठी त्यातून सूट ठेवावी लागेल.